उंच कामाचा पाळणा

सायवनच्या बाजूच्या मुलांस झाडावर चढणें शिकवावें लागत नाहीं. ताडावर चढणारा मनुष्य आपल्या पायांच्या पकडीवर व झाडावर भरवसा ठेवितो. झाड मुळांनीं जमिनींत रुतलेलें आहे, तें आपणांस टाकून देणार नाहीं, हें त्यास ठाऊक असतें. परंतु आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांचे वडील व थोरले भाऊ बोईसर, उंबरगांव, वापी येथें कामास जातात. तेथें उंचावर नेणारें साधन झाड नसून यंत्र असतें: मोटारीवर अथवा चाकांच्या बैठकीवर बसविलेला, लांब होणारा लोखंडी हात, आणि त्याच्या टोंकाशीं कठड्याचा पाळणा. या यंत्रास मुळें नाहींत, ही गोष्ट प्रथम ध्यानांत धरावी.

हें यंत्र मूळचें फळबागेंतलें, हें ऐकून घोलवडच्या चिकूवाडीवाल्यांस मौज वाटेल. 1944 सालीं अमेरिकेंत जे आयटेल नांवाचे गृहस्थ शिडीवरून चेरीचीं फळें काढतां काढतां त्रासून गेले, व त्या त्रासांतून ही कल्पना निघाली. त्यावरून इंग्रजींत अशा यंत्रास अजूनहि 'चेरी पिकर' म्हणतात.

पाळणा उलटतो कसा, हें कावड वाहणारास सांगणें नलगे. ओझें खांद्याजवळ असेल तर हलकें, दूर गेलें कीं तेंच जड. पाळण्यांतील दोन माणसें व हत्यारें मिळून 200 किलो वजन झालें आणि पाळणा गाडीच्या बाहेर 6 मीटर गेला, तर गाडीस तें 1 मीटरवर टांगलेल्या 1200 किलोंसारखें भासतें. पाळणा आणखी 4 मीटर पुढें सरकविला कीं तेच 2000 किलो होतात. माणूस मात्र एकहि वाढलेला नसतो! म्हणून ज्या गाडीस आधाराचे पाय असतात, तिचे ते पुरते बाहेर काढून टेंकवावे लागतात, व जमीन मऊ असेल तर त्यांखालीं जाड फळ्या घालाव्या लागतात. आमच्याकडील पावसाळ्यांतली माती व नुकताच बुजविलेला चर यांवर तर मुळींच विश्वास ठेवूं नये. किती वजन न्यावें, हें पाळण्यावर लिहिलेलें असतें. वारा किती चालेल, तेंहि लिहिलेलें असतें. उघड्यावर चालणाऱ्या पुष्कळ यंत्रांस ताशीं 45 किलोमीटरपर्यंतची मर्यादा असते, आणि कांहीं यंत्रें तर केवळ छपराखालींच वापरावयाचीं असतात. पाळण्यास ताडपत्री अथवा पत्रा बांधिला तर तो होडीच्या शिडाप्रमाणें वारा धरतो, हें डहाणूच्या किनाऱ्यावरील मुलांस सहज पटेल.

गेल्या उन्हाळ्यांत महामार्गालगत दिवा दुरुस्त करणारा एक तरुण आम्हीं पाहिला. कमरेस व खांद्यांस पट्टा होता, त्याची दोरी मात्र मोकळी लोंबत होती. दिवा हातभर दूर राहिला, म्हणून तो कठड्यावर चढून उभा राहिला. खालीं सोबती विडी ओढीत होता. कांहीं झालें नाहीं. तो उतरला आणि हंसत निघून गेला. असें शंभर वेळां कांहीं होत नाहीं, म्हणून तर संवय लागते. 5 मीटरांवरून खालीं येण्यास एक सेकंद लागतो, व जमिनीस लागतांना वेग ताशीं सुमारें 36 किलोमीटर असतो.

पट्ट्याची दोरी पाळण्यांतील कड्यासच बांधावी, आणि ती आंखूड असावी. चालत्या गाडीचें चाक खड्ड्यांत गेलें कीं खालचा लहानसा हिसका लांब हाताच्या टोंकाशीं मोठा होतो, व मोकळा मनुष्य गोफणींतल्या दगडासारखा बाहेर फेंकला जातो. दोरी शेजारच्या तुळईस किंवा झाडास बांधणें हा शहाणपणा वाटतो खरा. पण पाळणा हलला कीं तीच दोरी त्यास बाहेर ओढते.

आतां विजेविषयीं. डहाणूरोड स्टेशनावर, जेथें 2013 पासून मुंबईच्या लोकल गाड्या येऊं लागल्या, रुळांवरील तार 25,000 व्होल्टची आहे. ती दुरुस्त करण्यास छतावर मंच असलेली टॉवर वॅगन येते. तीहि एक प्रकारें आमच्या या पाळण्याची थोरली बहीणच. परंतु तिची रीत पाहावी. लेखी परवान्यावांचून चालू तारेच्या 2 मीटरांच्या आंत कोणी काम करावयाचें नाहीं. वीज बंद केल्यावरहि कामाच्या दोन्ही बाजूंस तार जमिनीशीं जोडतात, कारण शेजारच्या चालू तारेमुळें बंद तारेंतहि वीज उत्पन्न होऊं शकते. गांवांतल्या रस्त्याकडेच्या 11,000 व्होल्टच्या तारेस मात्र लोक घरची दोरी समजतात! लोखंडी हात तिला लागला तर रबरी चाकें वांचवितील, या भ्रमांत राहूं नये. अशा वेळीं वरच्यापेक्षांहि, गाडीस हात लावून जमिनीवर उभा असणारा अधिक संकटांत असतो. म्हणून खालच्यांनीं गाडीपासून दूर राहावें, व वीज बंद झाल्याचें कळेपर्यंत जवळ जाऊं नये.

पट्ट्यानें पडणें थांबलें तरी काम संपत नाहीं. पट्ट्यांत निश्चल लोंबकळणाऱ्या मनुष्याच्या पायांत रक्त सांचून तो थोड्याच मिनिटांत बेशुद्ध होऊं शकतो, म्हणून त्यास त्वरित उतरवावें लागतें. त्यासाठीं गाडीच्या बैठकीवर खालूनहि पाळणा चालविण्याची कळ असते, व इंजिन बंद पडल्यास तो उतरविण्याची निराळी सोय असते. मुलगा अशा कामास जाऊं लागला म्हणजे पालकांनीं त्यास पगाराबरोबर एवढें विचारावें: तूं वर असतांना खालीं कोण उभा असतो, आणि त्यास ती कळ चालवितां येते काय?