मेस्ड इट अप

पुण्यातल्या नारायण पेठेत संध्याकाळचा वर्ग भरला आहे. बहुतेक जणी दवाखान्यातली ड्यूटी संपवून थेट आल्यात. ब्रिटनमध्ये नर्सची नोकरी हवी, म्हणून ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी चालली आहे. मी मागच्या बाकावर. मॅडम फळ्यावर लिहितात : मेस अप, स्क्रू अप, मक अप, कॉक अप, स्लिप अप.

"सगळ्यांत घोळच आहे," त्या म्हणतात. "पण कुणासमोर कुठला घोळ, हे तिथं लगेच कळतं."

लातूरची एक जण उठते. "आय मेस्ड अप इट."

"'द चार्ट' असेल तर 'अप'च्या आधी ठेव नाहीतर नंतर. 'इट' मात्र मध्येच. मेस्ड इट अप."

वर्ग एका सुरात म्हणतो. शेजारची विचारते, "मग स्लिप्ड इट अप?"

"नाही गं. स्लिप अपला कर्म लागत नाही. आय स्लिप्ड अप. चुकले, एवढंच."

'स्लिप अप'मधली चूक बहुधा लहान असते, नकळत झालेली. 'स्क्रू अप'मध्ये वैताग आहे, थोडा शिवराळपणाही. 'कॉक अप' खास ब्रिटिश. चहाच्या खोलीत चालेल, पेशंटच्या खाटेपाशी नाही. हे शिकवायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. रात्रपाळीत सोबतीण घाईघाईनं "आय हॅव मक्ड अप द ड्रिप" म्हणाली, तर अर्थ शोधत बसायला वेळ कुठला?

परीक्षेत साधारण पाच-पाच मिनिटांचे दोन संवाद असतात. मॅडम पेशंट होतात. मिरजेच्या सिस्टरनं गोळीचा दुप्पट डोस दिलाय, अशी कल्पना.

"सॉरी, वी स्क्रूड अप."

मॅडम तिला थांबवतात. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत उपचारादरम्यान गंभीर इजा झाली, तर पेशंटला ते उघड सांगून माफी मागणं 2014 पासून संस्थांवर कायद्यानं बंधनकारक आहे. "इजा नसली तरी लपवायचं नाही. काय झालं, आता काय करतोय, ते साध्या शब्दांत सांग."

सिस्टर श्वास घेते. "आय ॲम सॉरी. वी गेव्ह यू टू मच मेडिसिन. द डॉक्टर इज कमिंग टू सी यू."

मॅडम पेशंटच्या आवाजात कडाडतात, "सो यू कॉक्ड इट अप!"

मुली हसतात. सिस्टर हसत नाही. "येस, वी डिड," ती म्हणते, आणि चक्कर येतेय का, मळमळतंय का, विचारू लागते.