एक्स्टेंशन बोर्ड विकण्याआधी वायर तापवून बघा

आज सोलापूरच्या आपल्या दुकानातली माझीच एक चूक सांगतो. ६०० रुपये वाचवायला गेलो आणि गिऱ्हाईक गमवायची वेळ आली.

आपण दुकानात ५ मीटरचे एक्स्टेंशन बोर्ड जोडून विकतो. एकदा वायर मीटरमागे ३ रुपये स्वस्त मिळाली. ४० बोर्ड, २०० मीटर, म्हणजे ६०० रुपये वाचले. बीबीएवाला माणूस, मार्जिन बघून खूश! महिन्याभरात इस्त्रीवाले काका बोर्ड घेऊन आले. दोन इस्त्र्या एकाच बोर्डावर, उरलेली वायर टेबलाखाली वेटोळं करून ठेवलेली. वेटोळ्यातलं पीव्हीसी मऊ होऊन एकमेकांना चिकटलं होतं. काका एवढंच म्हणाले, "दुकानात कपडे लोकांचे असतात, बाळा."

मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जीव गेले. त्यामुळे आपल्या गावात आगीची गोष्ट कोणी हसण्यावारी नेत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

२३० व्होल्टची गरजच नाही

वायर किती तापते हे करंटवर ठरतं. दोन इस्त्र्या मिळून २००० वॅट, म्हणजे साधारण ८.७ अँपिअर. तेवढाच करंट २-३ व्होल्टवर सोडला तरी वायर तेवढीच तापते, आणि शॉक बसायची भीती नाही. यासाठी लागतो मोबाईल रिपेअरिंगवाल्यांच्या टेबलावर असतो तसा डीसी पॉवर सप्लाय, फक्त १० अँपिअर देणारा. काही हजारांत येतो.

टेस्ट कशी करायची?

१. बोर्डाच्या टोकाला फेज आणि न्यूट्रल जाड वायरने एकत्र जोडा. आता ५ मीटरच्या बोर्डात करंट जाऊन परत येतो, म्हणजे १० मीटर वायर झाली.

२. सप्लायचा व्होल्टेज ५ वर ठेवा, करंटचा नॉब शून्यावर. प्लगच्या पिनांना क्लिप लावा आणि करंट हळूहळू १० अँपिअरपर्यंत न्या. सीसीचा दिवा लागला की करंट तिथेच स्थिर राहतो.

३. मल्टिमीटर थेट प्लगच्या पिनांवर लावा. सप्लायच्या डिस्प्लेवरचा आकडा धरू नका, त्यात क्लिपच्या वायरींचाही ड्रॉप येतो.

१ स्क्वेअर एमएमच्या चांगल्या तांब्याच्या वायरला किलोमीटरला १८ ते २० ओहम रेझिस्टन्स असतो. म्हणजे १० मीटरला, १० अँपिअरवर, साधारण २ व्होल्ट दिसायला हवेत. माझ्या स्वस्त वायरला किती आले? ३.१! म्हणजे २० वॅटच्या जागी ३१ वॅट उष्णता वायरीतच. एकतर तांबं कमी, नाहीतर आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो.

करंट दुप्पट केला की उष्णता चौपट होते, हे लक्षात ठेवा. ५ अँपिअरला गार वाटलेली वायर १० ला गार राहीलच असं नाही.

अर्धा तास थांबा

तांबं १० अंशांनी तापलं की रेझिस्टन्स साधारण ४ टक्के वाढतो. २.०० व्होल्टचे २.१६ झाले, तर आतलं तांबं सुमारे २० अंशांनी तापलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात खोलीच ४० ला असते, म्हणजे झाले ६०. साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा ७० अंश. आता तीच वायर वेटोळं करून परत बघा, आकडा आणखी चढतो. काकांच्या टेबलाखाली नेमकं हेच झालं होतं.

स्क्रूचे जॉइंटही तपासा. एका जॉइंटवर अर्धा व्होल्ट ड्रॉप दिसला, तर त्या एका ठिपक्यावर ५ वॅट उष्णता आहे. वायर कितीही चांगली असली तरी तो जॉइंट जळणार.

सावधान: टोकं जोडलेला बोर्ड चुकूनही घरच्या सॉकेटमध्ये घालू नका. जोडणीला लाल टेप लावा आणि टेस्ट संपली की आधी ती सोडा. आणि ही टेस्ट म्हणजे आयएसआय मार्कला पर्याय नाही. पीव्हीसी वायरला तो मार्क सक्तीचाच आहे.

मग ४० बोर्डांचं काय केलं?

वहीत ज्यांची नावं होती त्या सगळ्यांना फोन केले. ३१ बोर्ड परत आले, वायर बदलून दिली, पैसे घेतले नाहीत. वाचवलेल्या ६०० च्या कितीतरी पट खर्च झाला. बाकी ९ बोर्ड कुणाकडे आहेत मला माहीत नाही, कारण ती रोखीची गिऱ्हाइकं, नाव लिहिलंच नव्हतं. आजही त्याची टोचणी आहे.

तेव्हापासून दोन नियम केले. नवीन वायरचं बंडल आलं की आधी १० मीटर टेस्ट, मग बिल चुकतं. आणि प्रत्येक बोर्डावर नंबर, वहीत गिऱ्हाइकाचा फोन. इस्त्रीवाले काका आजही आपल्याकडूनच माल नेतात, पण आधी विचारतात, "तापवून बघितलंस ना?"

पूर्ण टेस्ट व्हिडिओत दाखवली आहे. तुमच्या दुकानातल्या एका बंडलपासून सुरुवात करा. भेटू पुढच्या व्हिडिओत!