गांवकामगार महार आणि त्याचें वतन

गांवगाड्यांतले कांहीं धंदे आतां नांवापुरतेच उरले आहेत. पोतदार हा त्यांतलाच एक. नाना टांकसाळींचीं नाणीं चालत असत तेव्हां वसुलांतला रुपया खरा कीं खोटा, त्यावर बट्टा किती, हें तो पारखून सांगे. १८३५ सालीं कंपनी सरकारनें एकसारखा रुपया पाडला; पुढें पोतदाराचें काम हळूहळू सरलें आणि आडनांव राहिलें. पाटलाच्या हाताखालच्या चौगुल्याचेंही तेंच झालें. परंतु धंदा जाऊनही ज्याच्या वतनाची नोंद अद्यापि जमिनीच्या दप्तरांत भेटते, असा कामगार म्हणजे वतनदार महार होय. त्याजविषयीं आमच्या शेतकरी बंधूंत अर्धवट समजुती फार, म्हणून हा लेख.

पद्धतशीर मोजणीचें काम गोल्डस्मिड व विंगेट या अंमलदारांनीं १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत हातीं घेतलें. तत्पूर्वीं गांवची शीव कागदावर नव्हे, महाराच्या ध्यानांत असे. कोणता धोंडा, कोणता ओढा, कोणत्या झाडापासून वळण, हें बाप मुलास शिवार हिंडवून दाखवी. दोन गांवांत शिवेचा तंटा लागला म्हणजे पंच जमत, महार पुढें चालून शीव दाखवी, आणि त्याची साक्ष वजनाची मानीत. आमची सारी नोकरी साखळी, नकाशे आणि उतारे यांच्या संगतींत गेली. तरी नकाशा फाटला असतां गांवांतल्या म्हाताऱ्याच्या आठवणीचा केवढा आधार होतो, हें कोणताही कारकून सांगेल.

बाकीचीं कामें मोजावीं तेवढीं थोडीं. कुळांस चावडीवर बोलावून आणणें, वसुलाची रक्कम कचेरींत नेतांना संगें जाणें, सरकारी कागद पुढच्या गांवीं पोंचविणें, दवंडी देणें, मुक्कामास आलेल्या अंमलदाराच्या घोड्यास गवत व चुलीस सरपण पुरविणें, हें सर्व त्याजकडे. रात्रीं वेशीची राखण करी तो वेसकर. कोणाच्या घरीं मयत झालें कीं सोयऱ्यांच्या गांवीं वर्दी घेऊन पायीं जावयाचें, मग पाऊस असो वा ऊन. मेलेलें जनावर ओढून नेणें, तेंही त्याच्याच माथीं.

याबद्दल मिळे काय? हाडकी हाडोळा म्हणून थोडी इनाम जमीन, खळ्यावरचें बलुतें आणि दारोदार मागून आणावयाची भाकरी. बेदरच्या बादशहानें बावन्न हक्क दिले अशी परंपरा सांगतात. पण हक्क कितीही असले तरी बलुतें शेतकऱ्याच्या हातांत होतें. पीक बुडालें कीं तें बुडे, आणि पीक येऊनही कुणीं हात आंखडला तर महारानें दाद कोठें मागावी? पुढें घरें वाढून जमिनीचे गुंठ्यागुंठ्यांचे तुकडे झाले, काम मात्र सबंध घराण्यावर राहिलें. पाळीचा माणूस नसला तर घरांतल्या दुसऱ्यानें जावें. ज्याच्या शब्दावर गांवची शीव ठरे त्यास चावडीची पायरी चढूं देत नसत, हा अन्याय तर वेगळाच.

इंग्रजी अमदानींत १८७४ च्या वतन कायद्यानें ही चाकरी बांधून टाकली. डॉ. आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत त्या कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आणलें. ज्यास चाकरी नको त्यानें पूर्ण सारा भरून जमीन राखावी आणि मोकळें व्हावें, बलुत्याऐवजीं रोख मोबदला व्हावा, असा त्याचा रोख होता. १९२९ सालीं तें मागें घ्यावें लागलें. अखेर मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांववतनें नाहींशीं झालीं आणि १ ऑगस्ट १९५९ पासून त्याचा अंमल सुरू झाला. महाराच्या जागीं पगारी कोतवाल आला.

चाकरी सुटली, जमीन मात्र शर्तीनें बांधलेली राहिली, आणि येथेंच आमचे बंधू फसतात. जुन्या दप्तरांत या जमिनी वर्ग ६-ब म्हणून दाखविलेल्या असत. कायद्यानंतर रक्कम भरून घेऊन त्या वतनदारांस परत दिल्या, त्या नव्या शर्तीनें. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्यावांचून व ठरलेला नजराणा भरल्यावांचून त्या दुसऱ्यास देतां येत नाहींत. उताऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असें दिसलें तर तेवढ्यावर न थांबतां मागचे सर्व फेरफार काढून वाचावे. शिवाय वतन सबंध घराण्याचें, तेव्हां वारस पुष्कळ. शहरांत गेलेल्या भावांस न कळवितां एकाच भावाचा अंगठा कागदावर घेऊन स्वस्तांत जमीन पदरांत पाडणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. त्यांत घेणाऱ्याचा पैसा अडकतो, शर्तभंगाची चौकशी लागते, आणि पिढ्यान् पिढ्या गांवाची वेठ करून ज्यांनीं ती जमीन राखली त्यांच्या मुलाबाळांच्या हातून ती जाते.