गल्लीतील धसमुसळे खेळ : करकंब परिसराच्या निमित्ताने एक विवेचन

पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावांत मागील पिढ्यांतील भावंडे, चुलत-आतेभावंडे आणि प्रसंगी काका-मामाही गल्लीत जे खेळ खेळत, त्यांकडे अभ्यासकांनी 'मुलांचा दंगा' एवढ्याच दृष्टीने पाहिलेले दिसते. वास्तविक या दंग्यास स्वतःचे शास्त्र होते.

आबाधुबीचेच उदाहरण घ्यावे. चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याने दुसऱ्याच्या पाठीत नेम धरून हाणावयाचा. येथे ना दोन बाजू, ना गुण, ना विजेता. पंच नसल्यामुळे किती जोरात मारावे याची मर्यादा खेळणाऱ्यांनाच सांभाळावी लागे. कारण मार खाणाऱ्याच्या हाती पुढच्याच क्षणी चेंडू येणार असे. लहान भावंडाला 'कच्चे लिंबू' म्हणून घेत. ते खेळात असे, परंतु बाद होत नसे. घरातील धाकट्यांना सांभाळण्याची जबाबदारी आणि खेळ यांचा मेळ घालणारी ही तरतूद होती.

विटीदांडूचा प्रश्न अधिक गहन आहे. वकट, लेंड, मूंड, नाल ही त्यातील मोजणी (गावोगावी तिचे उच्चार बदलतात) मराठी अंकांशी जुळत नाही. तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु आणि कन्नडात ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु असे अंक आहेत. सोलापूर जिल्ह्याला कन्नड प्रदेश लागून असला, तरी पहिले दोन शब्द तेलुगूला अधिक जवळचे आहेत. सोलापूर शहरातील तेलुगूभाषक विणकरांकडे याचे श्रेय देण्याचा मोह होतो; तथापि हीच मोजणी महाराष्ट्रात दूरवर आढळत असल्याने तो टाळलेला बरा. द्राविडी भाषांशी मराठीचा जुना संबंध मुलांच्या तोंडी टिकून राहिला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

हुतुतू व खो-खो यांचे भाग्य निराळे. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले. खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीत झाली. नियमबद्ध होऊ शकले ते खेळ मैदानावर गेले. ज्यात हार-जीतच नाही, त्या आबाधुबीची स्पर्धा भरवणार कशी? ती गल्लीतच राहिली, आणि गल्लीत वाहने आल्यावर तिला जागा उरली नाही.

बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी संपादिलेला दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश आपल्यापाशी आहे. परंतु गावपातळीवरील उच्चारभेद ज्येष्ठांच्या स्मरणातच आहेत. मराठी व शारीरिक शिक्षण या विभागांनी करकंब आणि कन्नड सीमेलगतचे अक्कलकोट येथील वृद्धांकडून विटीदांडूची मोजणी ध्वनिमुद्रित करून घेतल्यास तुलना शक्य होईल. स्त्रियांनाही हा प्रश्न अवश्य विचारावा. भावांबरोबर विटी टोलवलेल्या आजींची संख्या आपण समजतो तितकी कमी नसावी.