रंग सगळ्यात शेवटी!

दोस्तांनो, ट्रॅक्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माणसाच्या उंचीची मागची चाकं, उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या आणि साखर कारखान्याचा रस्ता, हो ना? पण जेमतेम कमरेइतका उंच, सात-आठ अश्वशक्तीचा, म्हणजे साधारण आपल्या जुन्या स्कूटरच्या ताकदीचा ट्रॅक्टर कधी पाहिलाय? अमेरिकेत अशा ट्रॅक्टरला 'गार्डन ट्रॅक्टर' म्हणतात. असे पन्नास-साठ वर्षांचे म्हातारे ट्रॅक्टर शोधून आणायचे, घरच्या गॅरेजमध्ये सुटे करायचे, दुरुस्त करायचे आणि रंगवून पुन्हा चालते करायचे, असा छंद तिथल्या पुष्कळ लोकांना आहे.

हे छोटे ट्रॅक्टर आले कुठून? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांच्या कडेला नवी घरं उभी राहिली. प्रत्येक घराला पुढे-मागे हिरवळ. ती कापायची, परसातला भाजीचा तुकडा नांगरायचा, हिवाळ्यात दारातला बर्फ ढकलायचा. या कामांना शेतातला ट्रॅक्टर फार मोठा आणि हातातलं यंत्र फार छोटं! १९४६ साली इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी एल्मर पाँड नावाच्या गृहस्थांनी आपल्या गॅरेजमध्ये छोटे ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे लालचुटुक 'व्हील हॉर्स' जन्माला आला. १९६१ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा पिवळा-पांढरा 'कब कॅडेट' आला, तर १९६३ मध्ये जॉन डिअर कंपनीचा हिरवा-पिवळा '११०'. गंमत म्हणजे, कब कॅडेटचं सात अश्वशक्तीचं इंजिन कोहलर कंपनीचं होतं. हो, तीच कोहलर, जिचे नळ आणि बेसिन आपल्याकडेही मिळतात!

या इंजिनांचा मुख्य भाग ओतीव लोखंडाचा आणि बॉनेट जाड पत्र्याचं. त्यामुळे बंद पडलेला ट्रॅक्टर अनेकदा 'मेलेला' नसतोच. टाकीत वर्षानुवर्षं राहिलेलं पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटरची बारीक छिद्रं बुजवतं, नाहीतर ठिणगी देणाऱ्या पॉइंटवर काजळी धरते, एवढंच. मालक म्हणतो, "भंगारात द्या." छंदिष्ट म्हणतो, "मला द्या!"

तुम्हाला वाटेल, आता ब्रश घेतला आणि रंग फासला. छे! इथे रंग सगळ्यात शेवटी येतो. आधी टाकी रिकामी करायची, बॅटरी सोडवायची आणि स्पार्क प्लगची तार काढून ठेवायची, म्हणजे हात आत असताना इंजिन चुकून सुरू व्हायला नको. मग फोटो. प्रत्येक नट-बोल्ट खोलण्याआधी फोटो काढायचा आणि काढलेले नट-बोल्ट चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांत ठेवायचे. आज वाटतं, 'लक्षात राहील की!' दोन महिन्यांनी हातात तीन बोल्ट उरले की मग कळतं.

यानंतरचं काम गुप्तहेराचं असतं. मूळ रंग कोणता होता? वरचा रंग उन्हाने विटलेला, त्यावर मधल्या कुणा मालकाने दुसराच थर दिलेला. मग सीटच्या खाली, पट्टीच्या मागे, चिकटवलेल्या नावाच्या कागदाखाली शोधायचं. जिथे ऊन पोचलंच नाही, तिथे साठ वर्षांपूर्वीचा खरा रंग सापडतो! या शोधात चकवेही असतात. १९६९ साली जॉन डिअरने नेहमीचा हिरवा-पिवळा सोडून पांढऱ्या अंगाचे आणि लाल, नारिंगी, पिवळ्या किंवा निळ्या बॉनेटचे ट्रॅक्टर काढले होते. आज एखाद्या हिरव्या थराखाली निळा रंग दिसला, तर ती कुणाची चूक नसून तो दुर्मिळ नमुना असू शकतो. न बघता सगळं घासून टाकलं, तर हा पुरावा कायमचा गेला.

आता गंज. शाळेतला खिळ्यांचा प्रयोग आठवतोय ना? लोखंड गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात. रंगाचं खरं काम या दोघांना लोखंडापासून लांब ठेवण्याचं. सुंदर दिसणं नंतरचं. म्हणूनच रंगाखाली तेलाचा डाग किंवा गंजाचा कण राहिला, की रंग तिथेच फुगतो आणि पापुद्रा सुटतो. त्यासाठी आधी सगळं ग्रीस धुऊन काढायचं, मग तारेच्या ब्रशने नि पॉलिश पेपरने गंज काढायचा. आधी ८० नंबरचा खरखरीत पेपर, मग २२०, मग ४००. नंबर जितका मोठा, तितका पेपर मऊ. खड्डे लांबी भरून सारखे करायचे, त्यावर प्रायमर आणि मग रंगाचे पातळ-पातळ हात. एकच जाड हात दिला, तर ओघळ आलेच म्हणून समजा.

पण दोस्तांनो, या घासण्यात एक मोठा धोका लपलेला आहे. पूर्वी धम्मक पिवळा किंवा नारिंगी रंग मिळवण्यासाठी शिसं असलेलं रंगद्रव्य सर्रास वापरलं जाई. असा रंग कोरडाच घासला, तर त्याची धूळ श्वासातून आणि हातातोंडातून पोटात जाते. शिसं मेंदूला अपाय करतं आणि मुलांना सर्वांत जास्त! शरीरात अमुक इतकं शिसं चालेल, अशी सुरक्षित पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेत घराच्या रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगात दहा लाख भागांत शिशाचे ९० भाग ही कमाल मर्यादा घातली, ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणून जाणकार मंडळी जुना रंग आधी तपासतात, कोरडा घासत नाहीत, योग्य मास्क लावतात आणि मुलांना त्या वेळी लांब ठेवतात. पालकांनो, आजोबांच्या काळचा पलंग किंवा गेट घासायला काढाल, तेव्हा हे तुम्हीही लक्षात ठेवा.

या छंदात एक गोड भांडणही आहे बरं का! काही जण म्हणतात, ट्रॅक्टर कारखान्यातून आला तसा चकचकीत झाला पाहिजे. दुसरे म्हणतात, पाय ठेवून ठेवून झिजलेली पायपट्टी, हाताने गुळगुळीत झालेली दांडी हाच त्याचा इतिहास. तो का पुसायचा? ते इंजिन दुरुस्त करतात, गंज थांबवतात, पण रंगाला हात लावत नाहीत. बरोबर कोण? इतकं मात्र खरं, की नवा रंग कधीही देता येतो; मूळ रंग एकदा घासला की परत येत नाही. त्यामुळे आधी पाहायचं, मग विचार करायचा आणि मगच पेपर हातात घ्यायचा. मेळाव्यांत मात्र दोन्ही प्रकारचे ट्रॅक्टर शेजारी-शेजारी उभे असतात. काही ठिकाणी तर एखादं शेत घेऊन सगळे मिळून नांगरणीही करतात!

तुमच्या घरी ट्रॅक्टर नसेल, पण गंजलेला एखादा स्क्रू, बिजागरी किंवा कुलूपाची कडी नक्कीच असेल. मग करून पाहा.

करून पाहा (मोठ्यांना सोबत घेऊन)

१. रंग नसलेली, गंजलेली छोटी लोखंडी वस्तू घ्या. आधी तिचा फोटो काढा किंवा चित्र काढा.

२. साबणाने धुऊन तेलकटपणा काढा.

३. काचेच्या बरणीत व्हिनेगर घेऊन वस्तू रात्रभर बुडवून ठेवा. झाकण घट्ट लावू नका.

४. सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. तांब्याचं भांडं चिंचेने उजळतं ना? इथेही आम्लच काम करतं.

५. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून उरलेलं आम्ल घालवा, मग साध्या पाण्याने धुवा.

६. लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवा. ओलं ठेवलंत, तर थोड्याच वेळात नवा गंज हजर!

एका छोट्या बिजागरीला एवढं करावं लागतं. मग शेकडो भागांच्या अख्ख्या ट्रॅक्टरला किती महिने लागत असतील, याचा हिशेब तुम्हीच करा!