कुत्रीचे माजचक्र

वयात आलेल्या कुत्रीच्या प्रजननसंस्थेत ठरावीक अंतराने होणाऱ्या बदलांच्या क्रमास माजचक्र म्हणतात. पहिला माज बहुधा वयाच्या ६ ते १२ महिन्यांत येतो. मोठ्या जातींत तो दुसऱ्या वर्षापर्यंत लांबू शकतो. त्यानंतर तो साधारणतः दर ६ ते ७ महिन्यांनी येतो व उतारवयातही थांबत नाही.

अवस्था

पूर्वमाज सरासरी ९ दिवसांचा असतो. या काळात योनिमुखास सूज येते व रक्तमिश्रित स्राव होतो. नर आकृष्ट होतात, परंतु मादी त्यांना जवळ येऊ देत नाही. पुढील सरासरी ९ दिवस प्रत्यक्ष माजाचे असतात. स्राव फिकट होतो आणि मादी शेपटी बाजूस घेऊन नराचा स्वीकार करते.

हा स्राव म्हणजे मासिक पाळी नव्हे. स्त्रियांमध्ये गर्भधारणा न झाल्यास रक्तस्राव होतो. कुत्रीत तो बीजोत्सर्गापूर्वी होतो. त्यामुळे रक्त कमी होताच धोका टळला असे मानणे चुकीचे ठरते. गर्भधारणेची शक्यता नेमकी तेव्हाच सर्वाधिक असते.

घरातील काळजी

स्राव दिसल्यापासून ३ ते ४ आठवडे कुत्रीवर सतत लक्ष ठेवावे लागते. लालबागसारख्या भागातील चाळींत गॅलरी व जिना सामाईक असतो आणि दिवसा दारे उघडी असतात. तेथे कुत्रीला गॅलरीत एकटी सोडू नये. फिरवताना साखळी हातात ठेवावी व वर्दळ कमी असलेली वेळ निवडावी. सुती चड्डीमुळे फरशी स्वच्छ राहते, पण समागम रोखला जात नाही. समागमात जोडी अडकल्यास ओढून सोडवू नये. दोघांनाही इजा होते. अशा वेळी लवकरात लवकर पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो.

आजार व निर्बीजीकरण

माजानंतरच्या एक-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार संभवतो. अतितहान, उलट्या, मलूलपणा किंवा दुर्गंधीयुक्त स्राव दिसल्यास विलंब करू नये. माज लांबवणाऱ्या संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी हा धोका वाढतो. निर्बीजीकरणाने माज व हा धोका दोन्ही टळतात. त्याआधी एकदा पिल्ले व्हावीत, या समजुतीस वैद्यकीय आधार नाही. शस्त्रक्रिया सहसा माजानंतर २ ते ३ महिन्यांनी केली जाते. लालबागलगतच्या परळ येथे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १८८६) व बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय या जुन्या संस्था आहेत.