पोरांचा कोच: नाव मोठं की माणूस खरा?

नोएडा-गुरुग्रामकडे नवी क्रिकेट अकादमी निघाली की फलकावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत प्रशिक्षकाची जुनी कारकीर्द असते. स्वतः मोठा खेळाडू होता, म्हणजे पोरं त्याचंच ऐकतील, असं आईवडील धरून चालतात. हा समज दिल्लीतच खोटा ठरला आहे. प्रशिक्षक तारक सिन्हा भारताकडून कधी खेळले नाहीत. तरी १९६९ साली त्यांनी सुरू केलेल्या सॉनेट क्लबातून रमण लांबा, मनोज प्रभाकर, आशिष नेहरा, शिखर धवन आणि अंजुम चोप्रा देशासाठी खेळले. रुडकीहून आईबरोबर येऊन मोतीबागच्या गुरुद्वारात मुक्काम करणारा ऋषभ पंतही त्यांचाच. पोरं त्यांना ‘उस्तादजी’ म्हणत. द्रोणाचार्य पुरस्कार मात्र २०१८ साली मिळाला, म्हणजे जवळपास पन्नास वर्षं मैदानात घालवल्यावर. सचिन तेंडुलकरला घडवणाऱ्या आपल्या रमाकांत आचरेकरांच्या नावावरही प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे.

दुसरा समज जास्त घातक: खरा कोच कडकच असतो, तोंडावर बोलतो, प्रसंगी हातही उगारतो. ‘मी हा असा आहे’ म्हणत पोरांवर ओरडणाऱ्यांना इथे आचरेकरांचा दाखला हमखास आठवतो. सरांनी आपल्याला कधी ‘छान खेळलास’ म्हटलं नाही, हे सचिननेच २०१३ साली वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सांगितलं. पण त्याच भाषणात सर त्याला स्कूटरवरून या मैदानावरून त्या मैदानावर सामन्यांना नेत, हेही होतं. स्टंपवर रुपया ठेवून, बाद झाला नाहीस तर तो तुझा, असं सांगणारेही तेच. नक्कल फक्त कडकपणाची होते. स्कूटरला पेट्रोल लागतं ना! आणि मारहाणीचं म्हणाल, तर ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणं हा २०१५च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे.

‘निकाल देतो तो कोच’ हेही अर्धसत्यच. वय चोरलेला मुलगा लहानांत खेळवला की चषक येतो. पण बीसीसीआय सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासते आणि २०२०च्या तिच्या घोषणेनुसार पकडला गेलेला खेळाडू दोन वर्षं बाहेर बसतो. शिक्षा पोराला होते, चषक अकादमीच्या कपाटात राहतो. ‘तुमचा मुलगा वरच्या वयोगटात खेळेल’ हे फी भरणाऱ्या बापाला सांगणं, माझ्या मते, प्रशिक्षकाची खरी कसोटी.

शेवटचा समज निष्ठेचा: अकादमीतलं अकादमीत मिटवावं. मुलाच्या लैंगिक छळाबाबत तशी मुभाच नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या कुणालाही पोलिसांना कळवावंच लागतं, आणि हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रवेशाच्या दिवशी फीबरोबर हेही विचारून घ्यावं: तक्रार कुणाकडे करायची, आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पोरांना दिसेल असा लावलाय का?